समोरचा हात

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. ठाकुर्ली

आलो एकदाचा! पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा आणि ही वही. आंबिवलीहून ठाकुर्ली म्हणजे काही दुबई नाही, पण आई दारात अशी उभी होती की शेजारच्या मावशींनी विचारलं, पोरगा मिलिटरीत चालला का.

प्रियांका, ही वही तुझ्यासाठी आहे. तीन महिने फोन नाही, मेसेज नाही, कॉलेजच्या गेटवर येऊन उभं राहायचं नाही, असं तू काळ्या तलावावर सांगून गेलीस त्याला आज पन्नास दिवस झाले. मी सॉरी म्हणत होतो तर म्हणालीस, सॉरी नको, मला बघायचंय. बरं. मेसेज करायचा नाही म्हणालीस, लिहायचं नाही असं नाही म्हणालीस. १४ डिसेंबरला ही वही तुझ्या हातात देईन. बघ.

तर घर. आजूबाजूची सगळी जमीन ह्या भोईरांचीच होती. आता तिच्यावर बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि मधोमध हे बैठं घर, कोणीतरी विसरून गेलेल्या डब्यासारखं. हॉल ऐसपैस. भिंतीवर हार घातलेला फोटो: मुलगा कमलेश, बैलगाडा शर्यतीची ढाल डाव्या हातात, सगळे दात दाखवत हसतोय. हॉलमधून स्वयंपाकघरात जायला जुनं सागवानी दार, त्याला वरच्या भागात चार काचा. तीन काचांवर नक्षीची फुलं, चौथी साधी, आरपार दिसणारी. तसली फुलं आता मिळाली नसणार. स्वयंपाकघराला मागचं दार आहे पण ते उघडत नाही, बिल्डरने कंपाउंडची भिंत त्याला चिकटवून घातलीय. माझी खोली हॉलला लागून. खिडकीतून चाफा दिसतो. मस्त आहे सगळं.

माणसं दोनच. तुळसाकाकींनी आल्या आल्या विचारलं, "जेवलास कं रं पोऱ्या?" आणि उत्तराची वाट न बघता तांदळाची भाकरी आणि जवळा पुढ्यात ठेवला. आनंदाकाका सदुसष्ट वर्षांचे. एप्रिलमध्ये लकवा मारला. उजवा हात लुळा, पाय ओढतात, बोलणं गेलं.

माझं काम ऐकून तू हसशील. आमची प्रीती ज्यांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते त्या ठाण्याच्या ऋजुता मॅडम काकांच्या फिजिओ. त्या मंगळवार-शुक्रवार येणार, बाकीचे दिवस मी. त्यांनी समजावून सांगितलं की काकांना शब्द कळत नाहीत, गोंधळ होतो, पण नजर शाबूत आहे. लहान मूल आईच्या तोंडाकडे बघत बघत घास चावायला शिकतं, तसं ते बघून शिकतील. मी समोरच्या खुर्चीत बसायचं आणि करून दाखवायचं. कप उचल, ठेव. बटण लाव, काढ. तोंडातून एक शब्द नाही. आणि मी डावा हात वापरायचा. ते माझ्याकडे आरशात बघितल्यासारखं बघणार. माझा डावा हलला की त्यांना स्वतःचा उजवा हलवावासा वाटणार. मॅडम बोलतात असं की वाटतं समोर पुस्तक उघडं आहे.

म्हणजे मला पगार मिळणार चहा प्यायचा! तोही डाव्या हाताने. विकी म्हणाला असता, भाई, बी.कॉम. अर्ध्यात सोडून सेट झालास. पण विकी आता बोलत नाही. त्याचा दात मीच पाडलाय ना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डाव्या हाताने कप उचलणं सोपं नाही, करून बघ. पहिल्या दिवशी निम्मा चहा माझ्या शर्टवर. काका हसले. आवाज नाही, फक्त खांदे हलले. काकी म्हणाल्या की एप्रिलनंतर पहिल्यांदा.

आज जमला कप. एक थेंब नाही सांडला. मान मागे वळवली तर काकी स्वयंपाकघराच्या दारात दुधाचं पातेलं घेऊन उभ्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कमल्या डावरा व्हता माझा." मी सांगितलं की मी उजवाच आहे काकी, हे आपलं धड्यापुरतं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नाही असं वाटलं.

रागाचा हिशोबही सांगतो. चार दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही. समोरचा माणूस दहा मिनिटांत एक बटण लावतो आणि मी बघत बसतो. मी! तू असतीस तर चिमटा काढून बघितला असतास मला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज काकांची बोटं कपाच्या कानात वळली. स्वतःहून! मॅडमनी टाळ्या वाजवल्या, काकींनी नारळ फोडला, मी बाहेर ओट्यावर जाऊन जरासा रडलो. फोन हातात घेतला तुला सांगायला. परत खिशात ठेवला.

आणि एक गंमत. मी दर दोन मिनिटांनी फोन उलटा करून बघतो, तुझं काही नसतं, सुस्कारा सोडून परत पालथा घालतो. काल काकांनी टीव्हीचा रिमोट उचलला, उलटा करून बघितला, सुस्कारा सोडला आणि पालथा घातला. सुस्कारासुद्धा माझाच. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. नंतर हसू गेलं. साठ-सत्तर वर्षांचा माणूस, कोणाची वाट बघतोय हेही त्याला माहीत नाही, नुसती वाट बघायला शिकला.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की बघणारा निवडत नाही, दिसेल ते सगळं घेतो. काय दाखवायचं नाही हे दाखवणाऱ्याने सांभाळायचं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल बाजूच्या टॉवरच्या वॉचमनने आमच्या फाटकासमोर डेब्रिज टाकायला लावलं. मी गेलो, बोललो, जरा चढलंच. हात नाही लावला. शपथ.

पण आज धड्याच्या वेळी काकांनी काय केलं सांगू? डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या मनगटावरचं काहीतरी उघडलं, ते अलगद काढलं आणि टेबलावर ठेवलं. काका घड्याळ घालत नाहीत.

मी घालतो. काल फाटकाकडे जायच्या आधी मी काढून टेबलावर ठेवलेलं. मला आठवतही नव्हतं.

प्रियांका, हे तुला कधी सांगितलं नाही. पप्पा आईला मारायच्या आधी घड्याळ काढून ठेवायचे. काच फुटू नये म्हणून. कॉटखाली मी आणि प्रीती. खालून फक्त टेबलाचा पाय आणि पप्पांचे पाय दिसायचे, पण घड्याळ टेबलावर ठेवल्याचा टक् आवाज यायचा आणि प्रीती माझा हात घट्ट धरायची. मी ठरवलेलं की मोठा झाल्यावर घड्याळच घेणार नाही. अठरावा वाढदिवस झाला आणि पहिल्या पगारातून, तो डोंबिवलीच्या झेरॉक्सवाल्याकडचा, घड्याळ घेतलं.

काळ्या तलावावर मी ते काढून बाकावर ठेवलेलं. तू बघितलंस, मला माहितीय. पण मी फक्त तुझा फोन फोडला. तुला हात लावला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रीतीचा फोन आलेला. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं की तू फडके रोडला दिसलीस, बरोबर कोणीतरी होता, हसत होतीस.

डोकं सटकलं. स्टीलचा ग्लास हातात होता, भिंतीवर हाणला. डाव्या हाताने. ग्लास चेपला, भिंतीचा पोपडा पडला.

मग बघितलं, समोर काका. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नव्हती. शाळेत पहिल्या बाकावरचा हुशार पोरगा फळ्याकडे बघतो ना, तसे बघत होते.

मागे लिहिलंय की फक्त फोन फोडला, ते अर्धंच. खोडत नाही. हात उगारला होता मी त्या दिवशी. हवेत थांबवला. थांबवला हे महत्त्वाचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काकांनी ग्लास फेकला.

उजव्या हाताने. ज्या हातात चमचा टिकत नाही त्या हाताने, माझ्यासारखाच कोपर मागे घेऊन. काकींवर. काकी चुलीपाशी— गॅसपाशी होत्या, दार उघडं होतं. ग्लास त्यांच्या डोक्यावरून जाऊन डब्यांवर आदळला.

मला भीती ग्लासाची नाही वाटली. काकींची वाटली. त्यांची पाठ होती आमच्याकडे, तरी ग्लास काकांच्या हातातून सुटायच्या आधीच त्यांनी मान खाली घातली होती. नुसता कोपर मागे गेल्याची चाहूल लागली तेवढ्यात. कालवण ढवळणारा हातसुद्धा थांबला नाही. इतकी सवय.

संध्याकाळी रवींद्रदादा आला, काकांचा पुतण्या, मानपाड्याला राहतो, दर सोमवारी मासळी घेऊन येतो. ओट्यावर त्याला सगळं विचारलं. आधी म्हणाला, सोड ना भावा, घराघरात असतं. मग सांगितलं. काका तरण्या वयात ह्या घरात भांडी उडवायचे. कमलेश बघत बघत मोठा झाला. लग्न झालं, बायको कल्पिता, शिकलेली, गोड पोरगी. कमलेश तिच्यावर भांडी उडवायला लागला. मागच्या वर्षी असाच दुपारचा तो तिच्या अंगावर धावला, काकींनी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि आतून कडी घातली. कमलेशने काचेत बुक्का मारला. चौथ्या काचेत. हात कोपरापर्यंत आत गेला आणि त्याने तो रागाने तसाच मागे खेचला.

रवींद्रदादा म्हणाला, दवाखाना वीस मिनिटांवर होता, पण त्याच्याकडे वीस मिनिटं नव्हती. काका ह्याच खुर्चीत बसलेले. सगळं बघितलं. नंतर वर्षसहा महिन्यांत लकवा.

कल्पिता परत आली नाही. काच नवीन बसवली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमसाठी मी रोजच्या धड्याचा व्हिडिओ काढतो. मोबाइल शोकेसवर ठेवतो, बाजूने दोघंही दिसतो. आज पाठवायच्या आधी सहज बघत होतो.

काकांचा हात आधी हलतो.

परत बघितलं. स्लो करून बघितलं. काकांचा उजवा कपाकडे जातो, मग अर्ध्या सेकंदाने माझा डावा. बटण, तेच. कंगवा, तेच. कालचा, परवाचा व्हिडिओ काढला, तेच. शेवटी अकरा तारखेचा काढला, तिथे मी आधी आहे. पंधरानंतर कुठेतरी बदललंय.

मला वाटत होतं मी दाखवतोय.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅडमना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या की काकांना क्रम पाठ झालाय म्हणून ते पुढे जातात, आणि बराच वेळ समोरासमोर बसलेली माणसं नकळत एकमेकांचं उचलतात, कोण कोणाकडून शिकतंय हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पटलं. मग मी विचारलं की ते बघतात कुठे.

कारण ते माझ्याकडे बघत नाहीत. व्हिडिओत स्पष्ट आहे. नजर माझ्या डाव्या खांद्याच्या वर, मागे. मागे स्वयंपाकघराचं दार. मॅडम म्हणाल्या, काचेत उजेड चमकत असेल, खुर्ची हलव. खिडकीपाशी घेतली. काकांची नजर आली बरोबर. डाव्या खांद्याच्या वर. मॅडम मला पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी घे म्हणाल्या.

सुट्टी कसली, काम सोडणारच होतो. बॅग भरायला घेतली आणि प्रीतीचा फोन. तू निरोप दिलायस! १४ तारखेला साडेतीनला येतेस, इथेच, ह्या घरी. प्रीती म्हणाली, तुझे शब्द असे होते की माझ्यासमोर तो गोडच वागेल, कमजोर माणसाशी कसा वागतो ते बघायचंय.

कॉलेज सोडलं. हेही सोडलं तर तू म्हणशील की ह्याला पळताच येतं. बारा दिवस. बारा दिवस काढतो.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर, आईला घेऊन चैत्यभूमीला गेलेलो. रांगेत सहा तास. एवढी माणसं, एवढं ऊन, कोणी ढकललं तरी डोकं शांत. रांगेत दोन्ही हात जोडले तेव्हा दोन्ही माझेच वाटले. वाटलं, काही नाही झालेलं मला, त्या घराची हवा फक्त.

मग झाडाखाली डबा खायला बसलो. आई एकदम थांबली. मी डाव्या हाताने जेवत होतो. मी म्हणालो, "सवय लागली गं, आये."

आये मी कधीच म्हणत नाही. आमच्याकडे कोणीच म्हणत नाही.

आई म्हणाली, तू सारखी मान अशी झटकतोस, हे कधीपासून? हसताना वरची हिरडी दिसते, ती तर तुझी कधी दिसायची नाही. आणि मग डबा बंद करत म्हणाली, "पप्पांसारखा होऊ नको एवढंच मागत होते रे मी. पण हा कोण झालास?"

९ डिसेंबर, मंगळवार

काका नवीन शिकताहेत. मी दाखवलेलं नाही.

मूठ वळतात. कोपर मागे. मूठ सरळ पुढे, हळूहळू, पाण्यातून नेल्यासारखी. थांबते.

माझी पण.

१० डिसेंबर, बुधवार

काकींनी कमलेशचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. मला बसतो.

मी ओरडलो त्यांच्यावर. विचारलं, मागे कोण आहे माझ्या, तुम्हाला दिसतो ना तो? त्या घाबरल्या नाहीत. माझ्या केसांतून हात फिरवला आणि अगदी समाधानाने म्हणाल्या, "बापसाकडं बघून पोऱ्या शिकला. आता पोऱ्याकडं बघून बापूस शिकतंय. शिकू दे रं."

मी विचारलं, आणि मी? त्या गालावरून हात फिरवत राहिल्या. कमल्या म्हणाल्या.

११ डिसेंबर, गुरुवार

पुढचं आलं. मूठ पुढे जाते, थांबते, हात मागे खेचतात. मग स्वतःच्या हाताकडे बघतात. नवल वाटल्यासारखं. दुसऱ्या हाताने घट्ट धरतात. आणि खाली बसतात, जमिनीवर, हळू.

मी पण खाली बसलो. फरशी गार होती. डाव्या हाताला काहीच झालेलं नव्हतं, तरी मी तो धरून बसलेलो आणि वाटत होतं की दाराआडून कोणीतरी बघावं. आत्ता तरी बघावं. सॉरी म्हणायचंय.

हे माझं वाटणं होतं की त्याचं, माहीत नाही. सारखंच आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रीतीला म्हणालो, प्रियांकाला सांग, इथे नको. स्टेशनवर भेटू, बागेत, कुठेही. तू नाही म्हणालीस. तुला तिथेच बघायचंय. तुझं बरोबर आहे. मी तुझ्याजागी असतो तर मीही—

मॅडम आज आल्या नाहीत. फोन केला, म्हणाल्या, तू आजच्या आज घरी जा. फाटकापर्यंत गेलो. मागे वळून बघितलं तर काका खिडकीत. ते वळले, आत गेले. मी पण वळलो, आत आलो.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.१५

उजव्या हाताने लिहितोय. नीट सगळं लिहितो. वेळ आहे. वेळ काढायचाय.

तू साडेतीनला आलीस. आंबा रंगाचा ड्रेस. केस कापलेस. काकांनी तुझ्यासमोर उजव्या हाताने बिस्कीट चहात बुडवून खाल्लं, न तोडता, आणि तू टाळी वाजवलीस. म्हणालीस, "सुम्या, हे तू शिकवलंस?" दहा मिनिटं. ती दहा मिनिटं माझी होती, प्रियांका. ती कोणी दाखवलेली नव्हती.

मग तू सांगितलंस की परत यायला नाही आलीस. ठाण्यात नोकरी लागली, नवीन सगळं सुरू करतेयस, आणि हे मेसेजवर नको, तोंडावर नीट सांगावं म्हणून आलीस. मी म्हणालो, ठीक आहे. मला राग आला नव्हता. हे वाचशील तेव्हा एवढं मान. खूप दुखलं, पण राग नव्हता.

आणि तू मान खाली घातलीस.

मी हात उचलायच्या आधी. हात मांडीवर होता माझा. अशी पटकन, अशी सवयीने, काकींसारखी. मग मी टेबलाकडे बघितलं. घड्याळ तिथे होतं. मी काढलेलं मला आठवत नाही. तुला टक् ऐकू आला असणार.

एकदाच शिकलीस तू. काळ्या तलावावर. माझ्याकडून.

हात थांबला नव्हता. आधी लिहिलं ते खोटं. हवेत थांबला नव्हता, तुझ्या कानाखाली लागलेला. तू पडलेलीस बाकावर. मला सगळं आठवतं. ह्या वहीत मी तुला दाखवायला चांगला झालो.

४.२५

काकींनी तुला आत ओढलं, कडी घातली. मी उठलो होतो. माझा डावा हात मुठीत होता. मी नाही वळली ती.

कंबरेचा पट्टा काढला, डावं मनगट खिडकीच्या गजाला बांधलं, बकल उजव्याने घट्ट केलं. ओरडून सांगितलं तुला, दार उघडू नको, मी काहीही म्हणालो तरी उघडू नको. काकींच्या फोनवरून रवींद्रदादाला लावलास, ऐकलं मी. मानपाड्याहून चाळीस मिनिटं म्हणाला.

चाळीस मिनिटं लिहायचं. उजवा हात पेनात अडकवून ठेवायचा. लिहितोय तोवर तो माझा आहे.

४.३५

काका समोर येऊन बसले. स्वतःच्या पायांनी, खुर्ची ओढत.

स्वयंपाकघराच्या साध्या काचेतून तू दिसत असशील त्यांना. ते तुला नाही बघत. खांद्याच्या वर. तिथेच.

काकांनी दोन्ही हात वर घेतले. डाव्या बोटांनी उजव्या मनगटावर हवेत काहीतरी चाचपताहेत. बकल. ते बकल उघडताहेत. आरशात तो हात माझा उजवा.

नाही करणार. लिहितोय. तुझं नाव लिहितो. प्रियांका प्रियांका प्रियांका

४.४१

डोळे मिटून लिहितोय. ओळी वाकड्या येतील. मिटूनही कळतंय काका काय करताहेत. मानेवर गार लागतंय, डाव्या बाजूला. सागवानाचा वास, आणि लोखंडाचा—

आई, प्रीतीचा हात धर.

४.४६

डोळे उघडले. काका परत परत बकल उघडताहेत. माझा हात जात नाही. जात नाही प्रियांका! पेन धरलंय ना. दहाएक मिनिटं राहिली. काचेपासून लांब हो. खाली बस, काकींना पण बसव. काचेसमोर उभी राहू नको—

काका थांबले.

खांद्याच्या वर बघताहेत. खूप वेळ. मान हलवली त्यांनी, कळल्यासारखी. हुशार पोरगा पहिल्या बाकावरचा.

आता बकल नाही. डाव्या हाताची तीन बोटं जुळवलीत, हवेत काहीतरी धरलंय, बारीक. काकांना मी हे कधी शिकवलं नाही. ते लिहिताहेत. माझ्याबरोबर लिहिताहेत, अक्षराला अक्षर. नाही, माझ्या आधी. ते लिहितात मग मी

प्रियांका लांब हो काचेपा—

त्यांनी हात खाली आणला. हळू. पेन टेबलावर, घड्याळाशेजारी, अलगद ठेव